वीतभर डबा

ज्या सदरांत वाचकांस एरवीं नव्या कवितासंग्रहाचें किंवा एखाद्या चरित्रग्रंथाचें परीक्षण वाचावयास मिळतें, त्या सदरांत या खेपेस आम्ही पुठ्ठ्याच्या एका चपट्या पेटींत मावणाऱ्या वस्तूचा विचार करणार आहों. ही वस्तु म्हणजे आगगाडीच्या उतारूंच्या डब्याची लहान प्रतिकृति जुळवून तयार करण्याचा संच. हौशी मंडळी त्यास 'किट' म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरूं, कारण त्यास नवें संस्कृत नांव देऊन कोणाचेंच हित होणार नाहीं. पेटी उघडली म्हणजे तींत डबा नसतो. पितळेच्या पातळ पत्र्यावर कोरलेल्या दोन बाजू, दोन टोकें, छपरासाठीं वांकवलेला एक तुकडा, धुरापेट्यांचे ओतीव भाग, चाकांच्या जोड्या, बफर, आणि दोनचार पानांचें सूचनापत्रक, एवढीच सामग्री असते. डबा व्हावयाचा तो घेणाराच्या हातून. हे संच काढणारे बहुधा कारखानदार नसतात. दिवसा कोठें तरी नोकरी करावी, रात्रीं व रविवारीं घरच्या टेबलावर आराखडे काढावे, एका नमुन्याचे पंचवीस, फार तर पन्नास संच तयार करावे, ते ओळखीच्या रसिकांत खपवावे, आणि हातीं आलेल्या पैशांतून पुढील नमुन्याची सोय करावी, असा हा व्यवहार आहे.

यावर कोणी म्हणेल कीं हा पोरखेळ; त्याचें परीक्षण कसलें करतां? या आक्षेपाचें उत्तर आम्ही एका वाक्यांत देतों. जेथें निवड आहे आणि त्याग आहे तेथें टीकेस अवकाश आहे. साडेएकवीस मीटरांच्या आसपास लांबीची एक लोखंडी वस्तु वीतभर पितळेंत आणावयाची असेल, तर काय ठेवावें, काय टाकावें, काय मुद्दाम वाढवून सांगावें, याचा निर्णय पदोपदीं करावा लागतो. आणि ज्यानें तो केला त्यास आपण तो बरा केला कीं वाईट केला असें विचारण्याचा हक्क कोणाही जाणत्या प्रेक्षकास पोंचतो. खुद्द खेळणाऱ्यांच्या मंडळींत मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तेथें 'हुबेहूब' हा एकच गुण व 'हुबेहूब नाहीं' हा एकच दोष. या एका शब्दावर कोणत्याही कलेची टीका फार काळ जगत नाहीं.

आम्ही राहतों तें देवळाली कॅम्प हें गांव आगगाडीवांचून कल्पितांच येत नाहीं. थळघाटांतील कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १८६५ सालीं खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका कठीण आहे, आणि तो चढून वर आलेल्या गाडीस इगतपुरीनंतर थोड्याच वेळांत आमचें स्टेशन लागतें. गोऱ्या पलटणींची छावणी येथें बसली. विलायतेस परतणारे शिपाई जहाजाची वाट पाहत येथें महिनेच्या महिने पडून राहत, आणि उन्हानें, तापानें व रिकामपणानें त्यांची जी अवस्था होई तिच्यावरून 'डूलॅली' हा शब्द इंग्रजी बोलींत रूढ झाला. गांवाच्या नांवाचा अर्थ परभाषेंत 'भ्रमिष्ट' असा व्हावा हें भाग्य फार थोड्या गांवांच्या वांट्यास आलें असेल. असो. सांगावयाचें तें हें, कीं या स्टेशनच्या फलाटावर उभें राहून हिंदुस्थानांतील उतारू-डब्याचा इतिहास जवळजवळ सबंध वाचतां आला असता. आधीं लाकडी अंगाचे डबे होते. मग मद्रासजवळच्या पेरांबूर येथें २ ऑक्टोबर १९५५ रोजीं सुरू झालेल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, स्विस धर्तीवरचे, सबंध पोलादी डबे आले. त्यांचा तांबूस रंग गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जाऊन निळा झाला. आणि आतां जर्मन बनावटीच्या आराखड्यावरील एल्.एच्.बी. डबे आले आहेत. पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक या सर्व स्थित्यंतरांविषयीं जितक्या आपुलकीनें भांडतात, तितक्या आपुलकीनें आमच्याकडे कादंबरीविषयीं भांडण झालेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

आतां या डब्याची प्रतिकृति कोणी करावी? मार्क्लिन या जर्मन कंपनीनें १८९१ मध्यें लाइपझिगच्या जत्रेंत खेळण्यांतील रुळांचीं ठराविक मापें प्रथम मांडलीं, इंग्लंडांत हॉर्नबीच्या गाड्या १९२० पासून निघूं लागल्या, अमेरिकेंत मिलवॉकीच्या वॉल्थर्सनें १९३२ मध्यें दुकान मांडलें. या मोठ्या घराण्यांनीं आपआपल्या देशांच्या गाड्या लहान केल्या, आणि तें योग्यच झालें. आमच्या दुसऱ्या वर्गाच्या गजांच्या खिडक्यांचा डबा त्यांच्या यादींत शोधूं जाणें व्यर्थ. त्यांना तो विकावयाचा कोणास? म्हणून हें काम हौशी माणसाकडेच येतें. आणि येथेंच आमच्या मतें या लहानशा उद्योगाचें खरें महत्त्व आहे. ज्या वस्तूची बाजारास गरज नाहीं पण एखाद्या समाजाच्या स्मरणास आहे, ती वस्तु पंचवीस प्रतींतच निघते. मराठी मासिकें ज्यांनीं चालविलीं त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

पुण्याचें जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय या संदर्भांत आठवल्यावांचून राहत नाहीं. श्री. भाऊ जोशी यांनीं जन्मभर जोपासलेल्या छंदांतून तें उभें राहिलें व १ एप्रिल १९९८ रोजीं कोथरूड येथें लोकांस खुलें झालें. दिवे मंद होतात, लहानशा नगरींत रात्र पडते, खिडक्याखिडक्यांतून उजेड दिसूं लागतो आणि त्या उजेडांतून गाड्या धांवत राहतात. हा देखावा ज्यांनीं पाहिला ते तो विसरत नाहींत, आणि एका मराठी माणसानें सरकारी आश्रयावांचून हें करून दाखविलें याचा आम्हांस अभिमान वाटतो. तरी पण तेथून बाहेर पडतांना मनांत एक रुखरुख राहते. ती नगरी आमच्या डोळ्यांस युरोपांतील वाटते. तींत कसारा नाहीं, इगतपुरीचा धुकट फलाट नाहीं, वडे नाहींत. हा दोष जोशी यांचा म्हणतां येणार नाहीं. भाषांतरित वाङ्मयावर पोसलेल्या पिढीस दोष देण्यासारखेंच तें होईल. ज्या काळीं त्यांनीं छंद सुरू केला त्या काळीं उत्तम यंत्र परदेशांतूनच मिळे, व यंत्राबरोबर त्याचें गांवही येई. भाषांतरानें नाट्यगृह उभें राहतें, नट तयार होतात, प्रेक्षकांस संवय लागते. पण त्यापुढें कोणी तरी स्वतंत्र नाटक लिहावें लागतें. देशी डब्याचें किट हें तसलें स्वतंत्र नाटक आहे, निदान तसा त्याचा पहिला अंक आहे.

लहान प्रतिकृतीची आवड आम्हांस नवी नाहीं. भातुकली आहे, दिवाळींत अंगणांत मुलें रचतात तो मातीचा किल्ला आहे, सावंतवाडीचीं लाकडी फळें व खेळणीं आहेत. पण या सर्वांत एक गोष्ट कोणी पाळीत नाहीं, व कोणास तिची उणीवही भासत नाहीं. ती म्हणजे प्रमाण. दिवाळीच्या किल्ल्यांत सिंहासनावरील महाराज तटबंदीहून उंच असतात, पायथ्याची गाय हत्तीएवढी असते, आणि हळिवाचें शेत आकाशाला भिडतें. तेथें मोठेपणा हा मापाचा नसून मानाचा आहे. आगगाडीचा हौशी या रम्य बेशिस्तीस रजा देतो. तो म्हणतो, मी सत्त्याऐंशींत एक भाग करीन, आणि डब्यापासून पायरीच्या खिळ्यापर्यंत सर्वत्र तोच करीन. हें वचन देतांच तो खेळांतून शास्त्रांत येतो, आणि वचन मोडल्याचा दोषही त्याच क्षणापासून त्यास लागूं शकतो.

वचन मोडावें लागतें तें मात्र अगदीं पायापासून. आमच्या ब्रॉडगेज रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग काढला तर तो १९.२६ मिलिमीटर येतो. परंतु जगाच्या बाजारांत 'एच्.ओ.' या मापाचे जे रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटरांचे, कारण ते १४३५ मिलिमीटरांच्या युरोपी रुळांवरून घेतलेले आहेत. म्हणजे आमच्या डब्याचें अंग आमचें, पण पाय परक्याचे. पेरांबूरचा डबा ३२४५ मिलिमीटर रुंद. त्याची प्रतिकृति सुमारें ३७ मिलिमीटर रुंद होते, आणि ती त्या चिंचोळ्या रुळांवर उभी केली म्हणजे भरदार पुरुषानें मुलाचे जोडे घालावे तशी दिसते. वाटा तीन. रूळ हातानें घालून १९.२६ चें माप खरें करावें. किंवा रूळ तेच ठेवून सबंध जगच १०१ अंशांत एक असें लहान करावें, म्हणजे १६.५ हेंच ब्रॉडगेज ठरतें. किंवा डोळेझांक करावी. पहिली वाट तपस्व्याची. इंग्लंडांत गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत कांहीं शुद्धतावाद्यांनीं ती धरली व आपल्या देशाच्या रुळांस १८.८३ मिलिमीटर हें शुद्ध माप दिलें. त्यांचें काम पाहून माणूस थक्क होतो, पण एकेक चाक घासण्यांत त्यांच्यापैकीं कित्येकांचीं वर्षें गेलीं व गाडी फारशी धांवली नाहीं. दुसऱ्या वाटेनें गेल्यास डबा २१० मिलिमीटरांचा होऊन वीतभरही उरत नाहीं, आणि परदेशी इंजिन, माणसें, झाडें, सर्व कांहीं त्यापुढें राक्षसी दिसूं लागतें. दिवाळीचा किल्ला मागल्या दारानें परत येतो. हिंदी डब्यांचीं जीं किटें आम्हीं हाताळलीं त्यांनीं तिसरी वाट पत्करली आहे. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. मात्र ज्यानें पायापाशीं पावणेतीन मिलिमीटरांची तडजोड मुकाट्यानें गिळली, त्यानें दाराच्या कडीवरून दुसऱ्याच्या डब्यास 'चूक' म्हणावें हें आम्हांस शोभत नाहींसें वाटतें. शुद्धलेखनाच्या वादांत पुष्कळ वेळां असाच प्रकार आढळतो.

येथें आमच्या जुन्या साहित्यशास्त्रानें केलेला एक विचार उपयोगीं पडतो. रंगभूमीवरील नटास पाहून 'हा राम' असें प्रेक्षकास जें ज्ञान होतें तें कोणत्या जातीचें, असा प्रश्न श्रीशंकुकानें केला. तें सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे, आणि 'रामासारखा' असें सादृश्यज्ञानही नव्हे. चित्रांतील घोड्यास पाहून 'हा घोडा' असें आपण म्हणतों तसलें तें एक निराळेंच ज्ञान आहे, असें त्याचें उत्तर. हा चित्रतुरगन्याय अभिनवगुप्ताच्या टीकेंत सांगितलेला असून तेथेंच भट्टतौताचे त्यावरील आक्षेपही आहेत. तौताचें म्हणणें असें, कीं शेंदूर वगैरे रंगांनीं गाय कांहीं प्रकट होत नसते. अवयव विशिष्ट रीतीनें मांडल्यामुळें गाईसारखें कांहीं तरी भासतें, इतकेंच. आमच्या वीतभर डब्यापुढें बसलें असतां हे दोघेही आचार्य पाळीपाळीनें खरे वाटतात. रुळांवर चालत्या गाडींत जोडलेला डबा पाहिला कीं शंकुक जिंकतो: कोणीही 'डब्यासारखें कांहीं' म्हणत नाहीं, 'डबा' असेंच म्हणतो. तोच डबा हातांत घेऊन उलटा केला कीं तौत जिंकतो: शिशाच्या मिश्रधातूचे तुकडे, डाकाचे ओघळ, आणि मांडणीची करामत.

परंतु दोघांनींही प्रेक्षकाचा विचार केला. जुळवणाऱ्याचा केला नाहीं. तयार डबा विकत घेणारा तो प्रेक्षक. किट घेणारा तो नट आहे. पेटींतील पत्रे ही संहिता. तींत डबा सुप्त आहे, आणि प्रत्येक जुळवणारा तो आपल्या वकुबाप्रमाणें वठवितो. एकाच साच्यांतून निघालेले पंचवीस संच पंचवीस घरीं गेले म्हणजे पंचवीस निरनिराळे डबे होतात. एकाचें छप्पर बसत नाहीं, दुसऱ्याचा रंग फार तुकतुकीत. तिसरा मात्र असा कसबी निघतो, कीं मूळ आराखडा काढणारालाही आपल्या पत्र्यांत हें होतें काय असें वाटावें. संहितेचा गुण यांतच पाहावयाचा कीं ती सामान्य नटास सांभाळून घेते व असामान्यास वाव देते. या कसोटीवर बरीचशीं किटें मध्येंच कोठें तरी पडतात. आम्हीं स्वतः जुळविलेल्या शयनयानाच्या एका किटांत बाजूंचें कोरीवकाम अप्रतिम होतें, घडीच्या रेषा पत्र्यांत निम्म्या खोलीपर्यंत कोरून ठेवलेल्या असल्यामुळें कोपरे आपोआप काटकोनांत आले. आणि चाकें मात्र अशीं वांकडीं दिलीं होतीं कीं डबा बैलगाडीच्या चालीनें चाले. पहिला अंक लिहून नाटककार झोपीं गेला, असें म्हणावेसें वाटलें.

आतां गजांविषयीं. हिंदी डब्याचा चेहरा त्याच्या खिडक्यांत आहे आणि खिडकीचा चेहरा तिच्या आडव्या गजांत आहे. युरोपांतील डबा कांचेचा. तो लहान करणें सोपें. आमचा डबा गजांचा, म्हणून कठीण. समजा गज दहा मिलिमीटरांचा आहे. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग म्हणजे एक दशांश मिलिमीटराहून किंचित् अधिक, जवळजवळ केसाएवढा. पत्रा कोरण्याची रीत अशी, कीं पितळेवर प्रकाशाच्या साहाय्यानें आकृति उमटवून उघड्या राहिलेल्या भागास रसायनानें खाऊं द्यावयाचें; आणि हें रसायन पत्र्याच्या जाडीहून फारसें बारीक काम करूं शकत नाहीं. पत्रा पाव मिलिमीटराचा घेतला तर गजही पाव मिलिमीटराचा, म्हणजे खऱ्या मापानें सुमारें २२ मिलिमीटर जाडीचा होतो. असले गज तुरुंगास शोभतील. म्हणून कांहीं जण पारदर्शक पटलावर बारीक काळ्या रेषा छापून ते खिडकीच्या मागें चिकटवितात. रेषा मापास खरी उतरते. पण दिव्याखालीं तीस छाया पडत नाहीं, आणि डबा किंचित् फिरवला कीं ती रेषा आहे हें कळतें. तिसरा पक्ष त्रिमिति छपाईचा. त्यांत यंत्र राळेचे थरावर थर घालून सबंध बाजू एकदम उभी करतें. त्यांत गज येतात, पण वांकतात, आणि छपराच्या गोलाईवर थरांच्या पायऱ्या दिसतात. त्या घांसून काढतां काढतां माणूस त्या यंत्रास शिव्या देतो.

आमचें मत निःसंशय जाड गजाच्या बाजूचें आहे. तो मापांत खोटा आहे, परंतु त्यास अंग आहे, त्याच्यामागें अंधार आहे, आणि दोन हातांवरून पाहतां त्या खिडकीस बंदिस्त उकाड्याचा जो भाव येतो तो छापील रेषेस येत नाहीं. अतिशयोक्ति हा अलंकार आहे, असत्य नव्हे. मात्र ती कोठें करावी हें कवीस कळलें पाहिजे. गजांत ती क्षम्य आहे. डब्यावरील अक्षरांत ती क्षम्य नाहीं, आणि नेमकी तेथेंच ती पुष्कळदां झालेली असते; कारण प्रत्येकास आपल्या झोनचें नांव सहा फुटांवरून वाचतां यावें अशी हौस असते.

याहून एक मोठी उणीव आहे, व तिच्याविषयीं कोणी बोलत नाहीं. बहुतेक किटांत डब्याची दारें बंद असतात. मुख्य मार्गावरील हिंदी डब्याचें दार आंत उघडतें, आणि गाडी हलली कीं त्या उघड्या दारांत पाय खालीं सोडून बसलेला माणूस हा त्या डब्याचा अवयवच होऊन जातो. दार उघडें ठेवावें तर आंतील बोळ, हात धुण्याचें भांडें, संडासाची भिंत, हें सर्व करणें आलें. म्हणून तें बंद ठेवलें जातें. तीच गत आंतील भागाची. शयनयानांतील बहात्तर बाकांचा सांगाडा कांहीं जण मोठ्या कष्टानें घालतात, पण त्यावर माणूस एकही नसतो. पितळेची प्रत्येक पट्टी खरी, आणि डबा रिकामा! हिंदुस्थानांत दुसऱ्या वर्गाचा रिकामा डबा हा कारशेडमध्येंच दिसावयाचा. ज्यांनीं खिळे मोजले त्यांनीं उतारू मोजले नाहींत, याचें कारण आमच्या मतें आळस हें नव्हे. त्यांची दृष्टि अजून आराखड्याची आहे, गाडीची झालेली नाहीं. परदेशी पुतळ्यांस धोतर नेसवावें, डोक्यावर गाठोडें द्यावें, हें काम अवघड आहे हें आम्ही जाणतों. परंतु दारांत बसलेला एक माणूस, एकच, जर किटाबरोबर ओतून दिला, तर त्या डब्यास जो जीव येईल तो दहा नव्या खिळ्यांनीं येणार नाहीं.

लांबीच्या प्रश्नावर आम्ही फार बोलत नाहीं. पेरांबूरचा डबा सत्त्याऐंशींत एक भागानें २४५ मिलिमीटरांचा होतो, एल्.एच्.बी. सुमारें २७० चा. घरांतील टेबलावरच्या आंखूड वळणांवर असले डबे रुळांबाहेर झुकतात. जर्मन कंपन्यांनीं यावर उपाय म्हणून रुंदी व उंची तशीच ठेवून लांबी मात्र शंभरांत एक अशी कापली. संक्षिप्त आवृत्ति विद्यार्थ्यांस ठीक. आमच्या हौशी मंडळींनीं हा मोह टाळला आहे व याबद्दल ते स्तुतीस पात्र आहेत.

सूचनापत्रकाची भाषा हा मात्र आमच्या धंद्याचा विषय आहे, तेव्हां त्यावर थोडें थांबणें भाग आहे. आम्हीं पाहिलेलीं सर्व पत्रकें इंग्रजींत होतीं. काढणारे मराठी बोलणारे, घेणारेही पुष्कळसे मराठी, आणि मध्यें पूल इंग्रजीचा! मराठींत शब्द नाहींत ही सबब आम्ही ऐकून घेणार नाहीं. रूळ, डबा, धुरा, डाक, पत्रा, घडी, कानस, सांधा हे शब्द कारागिराच्या तोंडीं आहेत, आणि बफर, कपलिंग, ब्रेक हे खलाशापासून गार्डापर्यंत सर्वांनीं मराठी करून टाकले आहेत. गोंधळ होतो तो एकाच शब्दाचा. चार चाकांच्या ज्या गाड्यावर डब्याचें टोक टेकलेलें असतें त्यास खरें नांव बोगी. पण आपल्याकडे सबंध डब्यासच बोगी म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्यामुळें 'बोगी उलटी धरून तींत बोगी बसवा' असें वाक्य कोणी लिहिलें तर वाचणारा डोक्यास हात लावील. यावर तोड काढणें कांहीं कठीण नाहीं. डब्यास डबा म्हणावें, म्हणजे झालें.

या उद्योगाच्या पोटापाण्याकडे पाहिलें तर चित्र फारसें आशादायक नाहीं. अमेरिकेंत एके काळीं लाकडी पट्ट्यांपासून उतारू-डबे जुळविण्याचीं किटें घरोघर जात. ला बेल या लहान घराण्यानें त्यांत नांव मिळविलें. पुढें चीनमध्यें बनलेले रंगविलेले तयार डबे आले, आणि जुळविण्यास वेळ व हात असलेला वर्ग आटत गेला. आमच्याकडे तयार डब्याची स्पर्धा फारशी नाहीं, पण दुसरी अडचण आहे. चाकें, कपलिंग, मोटर हीं बहुधा बाहेरून आणावीं लागतात, आणि खेळण्यांवरील आयातजकात २०२० मध्यें २० टक्क्यांवरून ६० व २०२३ मध्यें ७० टक्क्यांवर गेली. प्रमाणबद्ध प्रतिकृति जकातीच्या कोष्टकांत खेळण्यांतच मोडतात. देशी खेळण्यास उत्तेजन द्यावें हा हेतु चांगला. परंतु देशी डबा करणाराचींच चाकें महाग व्हावीं हा त्याचा एक चमत्कारिक परिणाम आहे. पितळी पत्रा कोरून घेण्याचा पहिला खर्च एका प्रतीस तितकाच आणि पन्नासांस तितकाच. म्हणून पन्नास गिऱ्हाइकें आधीं पैसे देण्यास तयार असल्यावांचून कोणी हात घालीत नाहीं. आगाऊ वर्गणीवर ग्रंथ छापण्याची जुनी मराठी पद्धति याच गणितावर उभी होती, व ती कशी बुडाली हेंही आम्हांस ठाऊक आहे. वर्गणीदार गोळा होत, पण दुसऱ्या भागाच्या वेळीं ते पत्ता बदलून बसत.

असें असतां कोणता डबा करावा, याची निवड फार विचारानें व्हावयास पाहिजे. आणि ती तशी होत नाहीं. राजधानी, शताब्दी, यांच्या झगमगत्या डब्यांकडे सर्वांचा ओढा आहे. पेरांबूरच्या जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्यें कारखान्याबाहेर पडला. हजारोंनीं धांवलेले ते डबे आतां एकामागून एक मोडींत जात आहेत. लाकडी अंगाचे डबे याआधींच गेले. १ जून १९३० रोजीं निघालेल्या दख्खनच्या राणीचे मूळ डबे घ्या: खालचे सांगाडे विलायतेहून आले, पण अंग माटुंग्याच्या कारखान्यांत घडलें, सात डब्यांच्या दोन गाड्या, एक रुपेरी रंगाची व तांबड्या पट्ट्यांची, दुसरी गडद निळी व सोनेरी रेषांची. १९६६ मध्यें त्यांच्या जागीं पेरांबूरचे डबे आले, व २०२२ मध्यें त्यांच्याही जागीं एल्.एच्.बी. आले. माटुंग्याच्या सुतारानें व लोहारानें केलेलें तें काम पितळेंत उतरविण्यास योग्य आहे असें आम्हांस वाटतें, आणि तेथें गजांचा प्रश्नही इतका बिकट होणार नाहीं.

पण आमची खरी मागणी याहून साधी आहे. देवळाली ते भुसावळ पूर्वीं जी पॅसेंजर धांवे, तिचा कोणताही एक सामान्य डबा कोणी करावा. त्यांत चकाकी नाहीं. बाजूच्या पत्र्यास टोंच आलेले, खिडकीच्या फळ्या अर्ध्यावर अडकलेल्या, पायरीशीं कांद्याच्या पातींचा कचरा. निळा रंग द्यावा, पण तो उन्हानें विटलेला द्यावा. दार उघडें ठेवावें. पन्नासांपैकीं एका प्रतीचे पैसे आम्ही आधीं पाठवूं, आणि सूचनापत्रक मराठींत असल्यास दोन प्रतींचे.